मोमिनाबादची छावणी : प्रस्तावना

परकी सत्ता एखाद्या मुलखात कशी रुजली याचा वृत्तांत लिहिताना इतिहासकार बहुधा तहनाम्यांच्या तारखा, गव्हर्नर जनरलांचे खलिते आणि निवृत्त सेनापतींची आत्मचरित्रे यांच्या आधाराने आपली इमारत उभारतात. परंतु त्या सत्तेचा हुकूम गावच्या वेशीपर्यंत ज्याच्या घोड्यावरून पोचला, तो याच देशात जन्मलेला, इथल्याच देवापीरांना नवस बोलणारा आणि महिनाअखेरीस पगाराची वाट पाहणारा स्वार मात्र त्या इमारतीत कुठेच राहावयास मिळत नाही. ‘एक पथक रवाना करण्यात आले’ एवढ्या वाक्यात त्याची बोळवण होते. प्रस्तुत पुस्तक अशा स्वारांविषयी आहे. आणि त्यातही विशेषेकरून निजामी अमलात मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आजच्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या छावणीत जे राहिले, त्यांच्याविषयी आहे.

अंबाजोगाईचे नाव काढताच मराठी वाचकाच्या मनात आद्यकवी मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांची अफाट ग्रंथरचना व त्यांची ती प्रचंड पासोडी, आणि कोकणातील कित्येक कुळांची कुलस्वामिनी असलेली योगेश्वरी यांचे स्मरण व्हावे हे स्वाभाविक आहे, आणि त्यात खेद मानण्याचे काही कारण नाही. तथापि जयंती नदीच्या काठचे हेच गाव एकोणिसाव्या शतकाचा मोठा भाग लष्करी ठाणे होते, तेथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा रिसाला तैनात असे, आणि त्या फौजेच्या पगाराचा प्रश्न पुढे एवढा वाढला की त्यापायी संबंध वऱ्हाड प्रांत निजामाच्या हातून गेला, ही हकीकत गावातल्याच सुशिक्षितांपैकी किती जणांस ठाऊक असेल याविषयी मला शंका आहे. संतांची स्मृती जपण्यास लोक आपण होऊन पुढे येतात. छावणीची स्मृती जपावी असे कोणास वाटावे? तीत अभिमानाने सांगण्याजोगे थोडे, आणि संकोचाने टाळण्याजोगे पुष्कळ आहे.

या विषयाकडे मी वळलो तो, चमत्कारिक वाटेल, मोरोक्कोच्या वाटेने. फ्रेंचांनी १९०७ मध्ये कासाब्लांका येथे सैन्य उतरविले, आणि पुढच्याच वर्षी त्या बंदराच्या पाठीमागील शाविया प्रदेशात जनरल दामाद याने स्थानिक टोळ्यांतील माणसे घेऊन सहा साहाय्यक पथके उभी केली. या पथकांस ‘गूम’ व त्यांतील शिपायास ‘गूमिये’ म्हणत. एका गूमात दोनशेच्या आसपास माणसे, बहुतेक पायदळ व थोडे स्वार, वरचे अंमलदार फ्रेंच. शिपायाच्या अंगात मात्र युरोपीय गणवेष नसून डोंगरी लोकांचा तोच जाड लोकरीचा पट्ट्यापट्ट्यांचा झगा. १९१२ च्या मार्चमध्ये फेझच्या तहाने मोरोक्को फ्रान्सच्या संरक्षणाखाली गेला, आणि तेव्हापासून तेथे सुलतान गादीवर व लियोते हा रेसिडेंट जनरल कारभारावर, अशी जोडव्यवस्था सुरू झाली. ही व्यवस्था वाचताना मराठवाड्यातील वाचकास हैदराबाद आठवले नाही तरच नवल. तिकडे सुलतान, इकडे निजाम. तिकडे रेसिडेंट जनरल, इकडे रेसिडेंट. आणि दोन्ही ठिकाणी फौज अशी, की जी नावाने देशी राजाची, हुकमाने परक्याची, आणि खर्चाने रयतेची. लग्न एकाचे, मिरवणूक दुसऱ्याची आणि जेवणावळीचे देणे तिसऱ्याच्या माथी, असाच हा मामला होता. मी हे दोन इतिहास शेजारी ठेवून वाचू लागलो तेव्हा मोरोक्कोपेक्षा मोमिनाबादच अधिक उलगडत गेले, आणि म्हणून या पुस्तकात मोरोक्को केवळ तुलनेपुरता आला आहे.

हैदराबादच्या या फौजेची कुळकथा खर्ड्यापासून सुरू करावी लागते. १७९५ च्या मार्चमध्ये बीडच्या सरहद्दीलगत, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा येथे मराठ्यांनी निजामअलीचा पराभव केला, तेव्हा निजामाच्या बाजूने कवाइती पलटणी घेऊन रेमाँ नावाचा एक फ्रेंच सरदार उभा होता, आणि इंग्रज मात्र तटस्थ राहिले होते. पराभवानंतर निजामाने रेमाँच्या पलटणी वाढविल्या. म्हणजे दख्खनमध्ये देशी शिपायांवर फ्रेंच अंमलदार नेमण्याचा प्रयोग मोरोक्कोच्या शंभरावर वर्षे आधी होऊन गेला होता. तो टिकला असता तर आपल्या इतिहासाने कोणते वळण घेतले असते याचा तर्क करीत बसणे हा रिकामपणाचा उद्योग आहे, पण तो मोह मलाही आवरत नाही. १७९८ च्या मार्चमध्ये रेमाँ मरण पावला, सप्टेंबरात निजामाने कंपनीशी नवा तह केला, आणि ऑक्टोबरात त्या फ्रेंच पलटणी निःशस्त्र करून मोडण्यात आल्या. त्यांच्या जागी कंपनीची तैनाती फौज आली, आणि १८०० च्या तहाने तिच्या खर्चासाठी निजामाने मुलूख तोडून दिला.

येथे वाचकाने एक भेद नीट ध्यानात ठेवावा, कारण तो सुटला तर पुढचा सर्व गुंता समजेनासा होतो. तैनाती फौज ही कंपनीची फौज होती आणि तिची किंमत मुलखाच्या रूपाने एकदाच चुकती झाली होती. कंटिंजंट ही निराळी. १८०० च्या तहात असे एक कलम होते की, युद्धप्रसंगी निजामाने तैनाती फौजेखेरीज स्वतःचे सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ मदतीस द्यावे. कलम युद्धापुरते होते; परंतु निजामाचे सैन्य बेशिस्त आहे, ते युद्धाच्या वेळी उपयोगी पडत नाही, सबब शांततेच्या काळातच ते इंग्रज अंमलदारांकडून तयार करवून घेतले पाहिजे, असा अर्थ त्यातून काढण्यात आला. हेन्री रसेल हा १८११ पासून १८२० पर्यंत हैदराबादेस रेसिडेंट होता. त्याच्या अमदानीत आधी ‘रसेल ब्रिगेड’ या नावाने पायदळ उभे राहिले, आणि १८१६ मध्ये घोडदळाचीही पुनर्रचना होऊन त्याचे रिसाले इव्हान डेव्हिस या मुंबई सैन्यातील अंमलदाराच्या हाताखाली आले. रिसाल्यांना नवाबांचीच नावे राहिली आणि जुने सरदार मानाने आपल्या जागी राहिले. फक्त हुकूम कोणी द्यावयाचा एवढेच बदलले.

पैसा द्यावयाचा निजामाने. निजामाच्या वतीने तो देणार त्याचा कारभारी चंदुलाल, जो इंग्रजांच्या आधारावर कारभारात टिकून होता आणि म्हणून रेसिडेंटाने मागितलेला खर्च नाकारण्याचे सामर्थ्य ज्याच्या ठायी नव्हते. खजिना तर रिता. तेव्हा १८१४ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेली विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी फौजेच्या पगारासाठी कर्ज देई, चोवीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत व्याज लावी, आणि तारण म्हणून जिल्ह्यांचा वसूल लिहून घेई. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्या आश्रितांपैकी सर विल्यम रंबोल्ड हा तिचा भागीदार होता. १८२० मध्ये मेटकाफ रेसिडेंट होऊन आला आणि त्याने हे प्रकरण उघडे केले, तेव्हा स्वतः गव्हर्नर जनरलचा रोष त्याला पत्करावा लागला. या सावकारीचा शेवट कसा झाला हे पुढे सविस्तर दिले आहे. येथे एवढेच सांगावयाचे की, मोमिनाबादच्या छावणीतील स्वाराला मिळणारा रुपया कुणब्याच्या खळ्यावरून निघून तालुकदार, सावकार, दिवाण आणि रेसिडेन्सी अशा चार मुक्कामांवर थांबत त्याच्या हाती येई, आणि प्रत्येक मुक्कामावर त्याचा काही अंश झिजे. कुणब्याला स्वार दिसे, पेढी दिसत नसे. म्हणून त्याचा राग स्वारावर.

स्वारही सुखात होता असे नाही. हे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे. घोडा, खोगीर आणि हत्यारे स्वाराची. सरकारने द्यावयाचा तो केवळ मासिक मुशाहिरा, आणि त्यातूनच स्वाराने स्वतःचे पोट, घोड्याची चंदी-वैरण, नालबंदी आणि घासवाल्याची मजुरी भागवावयाची. रिसाल्यातील अशा एका जागेस ‘असामी’ म्हणत आणि ती मालमत्तेप्रमाणे विकली वा वारसाकडे जाई; ज्याच्याजवळ अनेक असाम्या असत तो स्वतःच्या घोड्यांवर दुसरी माणसे बसवी, आणि ते बारगीर त्याच्या मेहेरबानीवर जगत. घोडा मेला की शिलेदार कर्जात बुडे. त्यासाठी पुढे रिसाल्यांत वर्गणीचा ‘चंदा’ जमविण्याची रीत पडली, पण ती सर्वांनाच सावरू शकली असे म्हणवत नाही. आधीपासून चालत आलेले शिलेदार, बारगीर, जमादार, दफेदार हे सारे शब्द इंग्रजी हुकमाखाली जसेच्या तसे टिकले. परक्याने चौकट बदलली नाही, कारण तीच त्याला स्वस्त पडत होती. सबंध घोडदळ ठेवण्याचा भांडवली भार स्वाराच्या अंगावर टाकणारी एवढी सोयीची पद्धत त्याला युरोपात कोठून सापडणार?

या रिसाल्यांत बीडकडील कुणबी वा मराठे विपुल होते असा समज कोणी करून घेऊ नये. दख्खनी मुसलमान, उत्तर हिंदुस्थानातून आलेली घराणी, शीख व जाट अशी ती मिश्र भरती होती, आणि मराठी मुलखात मराठ्यांवर नजर ठेवण्यासाठी अशीच भरती इष्ट होती. मोरोक्कोतही डोंगरी बर्बर टोळीवाले सपाटीवरच्या लोकांवर आणि एका टोळीची माणसे दुसऱ्या टोळीवर घालण्याची हीच युक्ती दिसते. खानदेशात १८२५ मध्ये औट्रमने धरणगाव येथे उभी केलेली भिल्ल पलटण मात्र याहून जराशी वेगळी. तेथे ज्यांचा बंदोबस्त करावयाचा त्यांनाच बंदोबस्तास नेमले, आणि गूमांशी खरे सख्खे नाते जोडावयाचे तर ते या भिल्ल पलटणीचे जुळते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मोमिनाबादचे साम्य माणसांपेक्षा हिशेबाच्या वहीत अधिक आहे.

या फौजेचे पहिले पराक्रम कोणाविरुद्ध झाले हे पाहण्याजोगे आहे. १८१७ मध्ये डेव्हिसचे स्वार त्रिंबकजी डेंगळ्याच्या माणसांच्या पाठीवर होते. त्याच वर्षाच्या २१ डिसेंबरला महिदपूरच्या लढाईत रसेल ब्रिगेड होळकरांविरुद्ध लढली. आणि १८१८ मध्ये, पुण्याचे राज्य बुडाले त्याच वर्षी, बीड भागात धर्माजी प्रतापराव याने बंड उभारले तेव्हा नवाब मुर्तजायार जंगाचा रिसाला घेऊन लेफ्टनंट जॉन सदरलंड चालून गेला आणि धर्माजी व त्याचा भाऊ असे दोघेही पकडले गेले. नवाबाचा रिसाला आणि इंग्रज लेफ्टनंट! या एका वाक्यात सगळी व्यवस्था आली. धर्माजीविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले ते एवढे अल्प आहे की, त्याला पकडणाऱ्याचे नाव जितके स्वच्छ नोंदले गेले तितका धर्माजीच्या मनातला हेतू नोंदला गेला नाही.

मग नऊ वर्षांनी, १८२७ मध्ये, खुद्द मोमिनाबादेत रिसाल्यातील काही स्वार बिथरले आणि कर्नल डेव्हिस त्यांच्याच हातून मारला गेला. ज्याने हे घोडदळ घडविले त्याचा अंत त्याच घोडदळाच्या छावणीत व्हावा, ही घटना तत्कालीन इंग्रजांना अत्यंत अनाकलनीय वाटली. मला ती तितकीशी वाटत नाही. शिलेदार हा स्वतःला नोकरापेक्षा भागीदार समजे. घोडा त्याचा, तलवार त्याची, त्यामुळे आपल्या इभ्रतीत हात घालणाऱ्या अंमलदाराशी तो पलटणीतल्या शिपायाप्रमाणे मुकाट्याने वागेल ही अपेक्षाच चुकीची होती. १८५५ च्या सप्टेंबरात बोलारमच्या छावणीत मोहरमच्या मिरवणुकीवर निर्बंध घालणाऱ्या ब्रिगेडियर कॉलिन मॅकेंझीवर तिसऱ्या रिसाल्याच्या स्वारांनी तलवारी चालविल्या, त्याचेही मूळ याच वृत्तीत आहे.

दरम्यान कर्ज वाढतच गेले. चंदुलालाने १८४३ मध्ये कारभार सोडला, कंटिंजंटचा पगार कंपनीच्या खजिन्यातून उसना दिला जाऊ लागला, आणि ती उसनवारी निजामाच्या नावे चढत गेली. डलहौसीने आपल्या टिपणांत, शांततेच्या काळात ही फौज बाळगण्याचे बंधन तहात नाही, असे स्वतःच मान्य केले होते. परंतु देणे बुडू द्यावयाचे नव्हते. अखेर २१ मे १८५३ रोजी निजाम नासिरुद्दौलाकडून नवा तह करवून घेण्यात आला. पाच हजारांहून कमी नाही इतके पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने अशी फौज कायमची ठरली, तिचे नाव ‘हैदराबाद कंटिंजंट’ झाले, आणि तिच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपल्या शेजारचा नळदुर्गाचा प्रदेश कंपनीच्या ताब्यात गेला. तह होऊन थोड्याच दिवसांत दिवाण सिराजुल्मुल्क वारला आणि त्याचा तरुण पुतण्या सालारजंग दिवाण झाला. त्या माणसाची पुढची कित्येक वर्षे वऱ्हाड परत मागण्यात गेली आणि ते त्याला मिळाले नाही. नळदुर्गाचा कारभार पाहण्यास मेडोज टेलर आला, जो निजामाच्याच फौजेत वाढलेला आणि ठगांवरील कादंबरीमुळे विलायतेत गाजलेला होता. १८६० च्या तहाने नळदुर्ग व रायचूर परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड राहिले ते राहिलेच, आणि १९०२ मध्ये कर्झनने ते सालीना पंचवीस लाखांवर कायमच्या इजाऱ्याने घेतले. बीडच्या वाचकाने नकाशा उघडून पाहावा: एका फौजेच्या पगारापायी मराठी मुलखाची जी विभागणी झाली, तिच्या खुणा १९५६ पर्यंत प्रांतांच्या सरहद्दींत उमटत राहिल्या.

१८५७ ची हकीकत या पुस्तकातील सर्वांत मोठ्या प्रकरणाचा विषय आहे, म्हणून येथे थोडक्यात. त्या वर्षी मोमिनाबादहून पहिला रिसाला औरंगाबादेस हलविण्यात आला. आपल्याला दख्खनबाहेर नेऊन दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढविणार अशी बातमी स्वारांत पसरली, आणि जूनमध्ये त्यांनी जाण्यास नकार दिला. पुण्याहून जनरल वुडबर्न फौज घेऊन आला. रिसाल्याचा अंमलदार कॅप्टन ॲबट याच्यावर गोळी झाडणारा मीर फिदा अली फासावर गेला. आणखी कित्येकांस गोळ्या घातल्या गेल्या, काहींस तोफेच्या तोंडी दिले गेले. आणि याच कंटिंजंटच्या इतर तुकड्या दुसऱ्या वर्षी सर ह्यू रोझच्या हाताखाली झाशी, कुंच आणि काल्पी येथे राणी लक्ष्मीबाई व तात्या टोपे यांच्याविरुद्ध लढल्या. एकाच फौजेतील, एकाच पगारावरील, कदाचित एकाच घरातील माणसे! यांतल्या पहिल्यांना हुतात्मे म्हणावे आणि दुसऱ्यांना देशद्रोही, हा निवाडा सोपा आहे आणि सभेत टाळ्याही घेतो. मला तो पटत नाही. ‘देश’ ही कल्पना १८५८ मध्ये त्या स्वाराच्या मनात आपण आज मानतो त्या रूपात होती असे मानण्यास आधार नाही. त्याच्यापुढे धनी होता, मीठ होते, असामी होती. परंतु म्हणून त्याला सर्वस्वी निर्दोष ठरविणेही मला मान्य नाही, कारण ज्या रिसाल्याने नकार दिला त्याच्यापुढेही तेच मीठ आणि तीच असामी होती.

हा नैतिक प्रश्न मोरोक्कोत अधिक तीव्रतेने उभा राहतो. गूमियांनी फ्रान्ससाठी आपल्याच देशबांधवांविरुद्ध १९३४ पर्यंत लढून ॲटलस पर्वताचा मुलूख अंकित करून दिला. १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे पडल्यावर युद्धविरामाच्या अटींतून वाचविण्यासाठी त्यांना सुलतानाचे पोलीस म्हणून दाखविण्यात आले. नावापुरत्या धन्याचा याहून उघड उपयोग क्वचितच झाला असेल. १९४४ च्या मे महिन्यात जनरल गिलोमच्या हाताखाली त्यांनी इटलीतील अरुंची डोंगर ओलांडून कॅसिनोची फळी फोडण्यात मोठी कामगिरी केली, आणि त्याच मोहिमेत तेथील खेड्यांतील स्त्रियांवर जे अत्याचार झाले त्यांत मोरोक्कन सैनिकांचा हात होता हेही तितकेच निर्विवाद आहे. इटलीच्या त्याच रणभूमीवर आपले मराठा पायदळही होते; यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो १९४४ च्या जुलैमधील तेथील लढाईबद्दलच. पुढे १९५० मध्ये इंडोचीनच्या सरहद्दीवर काओबांगच्या रस्त्यावर गूमियांची पथके जवळजवळ नष्ट झाली. १९५६ मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाला आणि उरलेले गूम नव्या राजसैन्यात सामील झाले. फ्रान्सने मात्र पूर्वीच्या वसाहतींतील सैनिकांची निवृत्तिवेतने १९५९ च्या कायद्याने गोठवून टाकली, आणि २००६ मध्ये एका चित्रपटाने लोकमत ढवळल्यावर त्या अन्यायाकडे त्या सरकारचे लक्ष गेले. शौर्य, क्रौर्य आणि कृतघ्नता यांची अशी एकत्र नोंद ठेवणे हेच या प्रकारच्या इतिहासलेखनाचे काम आहे, आणि यांपैकी एकीने दुसरी पुसून टाकू नये याची दक्षता मी या पुस्तकात घेतली आहे.

मोमिनाबादच्या रिसाल्याचा शेवट असा नाट्यमय नाही. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन करण्यात आली. चौथा रिसाला मोडला गेला, उरलेल्यांतून डेक्कन हॉर्स व गॉर्डन्स हॉर्स या नावांची घोडदळे झाली, आणि पायदळाच्या पलटणींचा वारसा फिरत फिरत आजच्या कुमाऊँ रेजिमेंटपर्यंत जाऊन पोचला. १४ जुलै १९१६ रोजी, सोमच्या लढाईत, विसावी डेक्कन हॉर्स भाले सरसावून हाय वुड नावाच्या जंगलाच्या बाजूने मशीनगनसमोर धावली. ज्या फ्रेंचांच्या पलटणी मोडल्यावर पुढे ही फौज उभी राहिली होती, त्याच फ्रेंचांच्या भूमीचे रक्षण करण्यासाठी तिला सव्वाशे वर्षांच्या आत तेथे जावे लागले.

या पुस्तकाचा आधार मुख्यतः सरकारी कागद आहेत, आणि सरकारी कागद अंमलदाराच्या हातचे असतात. स्वाराची बाजू त्यांत आली असेल तर ती बहुधा चौकशीतील जबानी म्हणून. ती अन्यत्र कोठे असेल तर ती बीड, अंबाजोगाई, हिंगोली, जालना, औरंगाबाद या छावणीच्या गावांतील जुन्या घरांत: एखादी बरतर्फीची चिठ्ठी, असामी विकल्याचा दस्त, घोड्याच्या खरेदीची फारसी वा मोडीतली पावती, पेन्शनीचे पुस्तक. ज्या वाचकांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते जुन्या बाजारात रद्दी म्हणून न देता एखाद्या ग्रंथालयाला वा संशोधन संस्थेला निदान नक्कल करून घेऊ द्यावे, ही विनंती. मोडी आणि फारसी वाचणारी माणसे आता जिल्ह्यात फार उरलेली नाहीत. हे काम पुढच्या पिढीवर टाकण्यासारखे नाही.